वाणातली चंद्री

माले, ता. मुळशी
चैत्र, बुधवार

प्रिय गौतमी,

थोरांनी पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहिला होता, मग तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. आशीर्वाद द्यायलाही तोंड लागतं गं, आणि माझं तोंड सध्या कुणाला दाखवण्यासारखं नाही. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्याच वाक्याला 'आई, जाऊ द्या ना' म्हणाली असतीस, मी रडले असते आणि मग तूच माझी समजूत काढत बसली असतीस. तुझं ते 'जाऊ द्या' आता मला सोसत नाही. पत्रात मध्ये कुणाला बोलता येत नाही, म्हणून पत्र. अंगणवाडीत असताना ऑफिसला अहवाल पाठवायचे, तेवढीच माझी लिहिण्याची सवय, तेव्हा गोड मानून घे.

आधी घरचं सांगते. चंद्री म्हशीला रेडी झाली, आईसारखीच हट्टी आहे. ह्यांचा गुडघा पुन्हा धरला आहे. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आता आपल्या फाट्यापर्यंत येते, आणि तुझे सासरे ओट्यावर बसून कुणाची गाडी किती फुटली याचा हिशोब ठेवतात. आंब्याखाली कैऱ्या पडून असतात, पण या वर्षी चैत्रातलं हळदीकुंकू मी केलं नाही. कैरीची डाळ नाही, पन्हं नाही. बायकांनी विचारलं तर ह्यांच्या गुडघ्यावर ढकललं. त्या गुडघ्याकडून मी सध्या बरीच कामं करून घेते आहे. पाडव्याला तू आली नाहीस. दिग्विजय एकटाच आला, पोळी खाल्ली आणि 'तिला सूसच्या ऑफिसात काम आहे' एवढंच म्हणाला. मी लगेच मनात धरलं, की सुनेला सासरचा कंटाळा आला. बघ, तेव्हाही दोष तुझ्या पदरात टाकून मी मोकळी झाले होते.

येत्या शनिवारी तुम्ही तिघं भागीदार त्या मोठ्या कंपनीच्या कागदावर सह्या करणार, हे मला दिग्विजयकडूनच कळलं. म्हणजे तुझा कॉम्प्युटरवरचा नवा खेळ कुणाला विकत मिळणारच नाही. तो कंपनीकडे राहणार, लोकांनी महिन्याचं भाडं भरायचं आणि भरतील तोवर खेळायचं. आणि तू, गौतमी, याला हो म्हणालीस! ऐकलं तेव्हा मी हातातली परात खाली ठेवली. तू कशी आहेस ते मला माहीत आहे, आणि तू हो का म्हणालीस, तेही आता माहीत झालं आहे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा ह्यांच्या सिनेमाच्या सीड्या शेतात टांगलेल्या होत्या, आठवतं? पौडच्या बाजारातून एकेक करून आणलेल्या, पत्र्याच्या ट्रंकेत जपलेल्या. प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा म्हणाला याचे पार्ट आता येत नाहीत, तेव्हा ह्यांनी त्यांच्या भोकात सुतळी ओवली आणि पाखरं हाकायला हरभऱ्यावर टांगल्या. ज्या सिनेमाने मला दर वेळी रडवलं, तो पोपटांना भिववत होता. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. मग दिग्विजयने तोच सिनेमा माझ्यासाठी मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर विकत घेतला. विकत हं, भाड्याने नाही. मी दोनदा पाहिला आणि पुढच्या वेळी लावायला गेले तर तो तिथे नव्हताच. ॲपवाल्यांचा आणि सिनेमावाल्यांचा काही करार संपला म्हणे. हे ओट्यावरून म्हणाले, "इकत घेतल्याली म्हस दावं तोडून गेली तर हुडकता तरी येती. ही तर दाव्यासकट गेली."

त्या दिवशी मात्र तू हसली नाहीस. विकत घेतलेली वस्तू अशी कुणी मागच्या मागे काढून नेता कामा नये, माझा खेळ ज्याने घेतला त्याचाच राहील, असं तू तेव्हा म्हणालीस. हिंजवडीची नोकरी तू नुकतीच सोडली होतीस. आपली सून कॉम्प्युटरवर खेळ बनवते, हे चारचौघींत सांगायला मला कसंतरीच व्हायचं. मी आपली 'कॉम्प्युटरचंच काही काम आहे' म्हणून वेळ मारून न्यायचे. आज त्या लाजेचीसुद्धा लाज वाटते.

मग निरंजन आणि जान्हवी, तुझे दोघे भागीदार, सुट्टीला इकडे यायला लागले आणि ओट्यावर तुमची भांडणं जुंपायला लागली. निरंजनचं म्हणणं, खेळाला कुलूप हवं. उघडताना दर वेळी इंटरनेटवरून विचारायचं, हा विकत घेणाराच आहे ना, आणि मगच आत सोडायचं. तो मुलगा चहाला नाही म्हणून दूध मागणारा. मला तो पहिल्यापासून जरा कडकच वाटला. तू म्हणालीस, चोर कुलूप तोडतोच, त्याला ते अडवत नाही. ते घरच्या माणसालाच दारात ताटकळत ठेवतं. आभाळ भरून आलं की मालेत रेंज जाते, मग पैसे मोजलेल्या माणसाने हात चोळत बसायचं का? जान्हवी तुझ्या बाजूने झाली, तेव्हा निरंजन म्हणाला, ठीक आहे, पण उद्या खेळ फुटला तर जबाबदारी कुणाची? तू फट्‌कन 'माझी' म्हणालीस. मी आत भाकरी थापत होते. ते 'माझी' मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि मग ती हाक. खेळात एका मुलीची म्हैस हरवते आणि ती धरणाच्या काठाकाठाने तिला शोधत जाते, तेव्हा तुला म्हशीला हाक मारणारा आवाज हवा होता. तू गोठ्यात माइक घेऊन उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, रोज मारता तशीच मारा. काही केल्या जमेना. माइक दिसला की माझ्या तोंडून अंगणवाडीचं बडबडगीतच यायचं. शेवटी तू माइक पेंढ्यामागे लपवलास, मी विसरून गेले आणि संध्याकाळी नेहमीसारखी "चंद्रेऽ, ये गं बायेऽ" म्हणून ओरडले. बांधावरची खरी चंद्री अशी धावत आली, की तुझी वायर, माझी बादली आणि बादलीतली सरकी सगळं आडवं झालं. बादली पडल्याचा आवाजही तू खेळात तसाच ठेवलास. माझं ओरडणं जपून ठेवण्यासारखं आहे, असं उभ्या जन्मात कुणाला वाटलं नव्हतं. ह्यांना तर नाहीच नाही.

दिवाळीत तू लाल गोंड्यात ओवलेला पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवलास. "आई, ही चंद्री तुमची. इंटरनेट नको, कुणाची परवानगी नको, कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, उघडेल. कुणी परत नेणार नाही." लावला तर पहिल्याच पडद्यावर माझं नाव. 'नलिनीआईंसाठी. म्हैस यांच्याच हाकेने घरी येते.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, हा खेळ जगात जिथे जिथे जाईल तिथे माझं नाव जाणार. तुला विचारलं असतं तर तू खरं काय ते सांगितलं असतंस. पण असल्या गोष्टी विचारल्या की कमी होतात, म्हणून मी विचारलं नाही.

संक्रांतीला आम्ही बायका वाणात काय देतो, तुला माहीत आहे. चाळण्या, फण्या, झाकण न बसणारे डबे. एकीला दिलेली चाळण पुढच्या वर्षी फिरून आपल्याच घरी येते. यंदा मी ठरवलं, सुनेची चंद्री द्यायची. हल्ली घरोघरी पोरांच्या शिक्षणाचा लॅपटॉप आहे. तू त्या आठवड्यात अकोल्याला तुझ्या आईकडे गेली होतीस. पौडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुपारभरात टोपलीभर पेनड्राइव्ह तयार झाले. मी एकेकीला हळदीकुंकू लावत होते, तिळगूळ देत होते आणि ओंजळीत चंद्री ठेवत होते. 'आमच्या गौतमीने केलाय हो खेळ, आणि म्हशीला हाक मीच मारली आहे.' डब्यातला लाडू दिला की डब्यात एक कमी होतो. इथे साऱ्या गावाला देऊनही माझ्याकडची चंद्री जशीच्या तशी. देण्याचं इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. तू अकोल्याहून परतलीस तेव्हा मी तुला तिळाच्या वड्या दिल्या, पण हे काही बोलले नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं.

महिनाभराने दिग्विजयकडून कळलं, की कुणीतरी खेळ फुकट वाटायच्या चॅनेलवर टाकला, हजारोंनी तो उतरवून घेतला आणि तुमची विक्री बसली. मी तुला फोन लावला आणि त्या चोराला काय काय बोलले! सात पिढ्या काढल्या. त्याच्या आईने त्याला हेच वळण लावलं का, असंही विचारलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "जाऊ द्या ना आई. आपण काय करतोय, ते त्याला कळलंही नसेल." मला तुझाच राग आला. इतकी कशी ही भोळी, असं ह्यांना म्हटलं. खरं सांगू? मनात कुठेतरी वाणाची टोपली हलली होती. आपल्या गावच्या बायका असं कशाला करतील, म्हणून मी तिच्यावर फडकं टाकलं.

पाडव्यानंतरच्या रविवारी जयसिंगभावजींची सून पिंकी धावत आली. तिच्या सोलापूरच्या भावाने कुणाकडून तरी आलेला खेळ लावला होता आणि पहिल्या पडद्याचा फोटो तिला पाठवला होता. "काकी, तुमचं नाव पार सोलापुरापत्तूर गेलंय बघा!" मी फुलून गेले. हो, आधी फुलूनच गेले, ते आता लपवत नाही. दिग्विजय इथेच होता, त्याला कौतुकाने फोटो दाखवला, तर त्याचा चेहरा पडला. अरे, सगळ्यांच्याच खेळात माझं नाव आहे, त्यात काय एवढं, असं मीच त्याला म्हटलं. त्याने आधी पिंकीला घरी पाठवलं. मग म्हणाला, "आई, ते नाव फक्त तुझ्या कॉपीत आहे. तिनं तशी एकच केली होती, तुझ्यासाठी."

त्यानंतर त्याला काही दडवता आलं नाही. चॅनेलवरची चंद्री तू पहिल्याच दिवशी उघडून पाहिलीस. माझं नाव वाचलंस. निरंजन आणि जान्हवीनेही ते वाचलं, तेव्हा तू त्यांना सांगितलंस, की ही कॉपी आईंना दिलीच नव्हती, माझ्याच हातून बसमध्ये पडली, आईंना मी नंतर दुसरी दिली. निरंजनने तुला ओट्यावरच्या तुझ्या 'माझी'ची आठवण करून दिली. आणि ज्या गोष्टीसाठी तू नोकरी सोडलीस, त्या गोष्टीत बोलायचा हक्क तू मुकाट्याने सोडून दिलास. दिग्विजयला शपथ घातलीस. पाडव्याला आली नाहीस, कारण माझ्यासमोर बसून काहीच झालं नाही असं वागणं तुला जमलं नसतं. आणि मी फोनवर त्या चोराच्या आईचा उद्धार केला, तो तू माझ्याच तोंडून, माझ्यासाठी ऐकून घेतलास. हे कळल्यावर मी गोठ्यात जाऊन बसले. घरात बसवेना.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन निघाले, वाण परत मागायला. गावात असं कुणी केल्याचं मला तरी आठवत नाही. दिलेलं वाण परत मागणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. कुणी तोंडावर हसलं, कुणी दारातच आणून दिलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. एकीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "आमचं काय चुकलं का वो?" कुणाच्या घरातून खेळ चॅनेलवर गेला, हे मी कुणालाच विचारलं नाही. ते विचारायचं तोंड मला नव्हतं. टोपली भरून घरी आले तर हे म्हणाले, "डब्या आल्या माघारी. चंद्री आली का?" चंद्री कशी येणार? ती केव्हाच घराघरांत उतरली होती. वाटी परत आली म्हणून उसनी दिलेली साखर तिच्यातून परत येत नाही.

एक पेनड्राइव्ह मात्र आला नाही. वरच्या आळीच्या गोजराबाईंचा. त्यांचे मालक गेल्यापासून संक्रांतीला त्यांना कुणी बोलावत नाही. मी बोलावलं होतं, पण मागच्या दाराने, बाकीच्या बायका गेल्यावर. तेवढंच माझं धाडस. त्यांनी तो किल्लीच्या दोऱ्यात ओवून कमरेला लावला आहे. घरात लॅपटॉप नाही, काही नाही. मी मागितला तर त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. "न्हाई द्यायची मी. धनी गेल्यापासनं माज्या वंजळीत कुनी वाण टाकल्यालं न्हाई. कुटं लावत्यात मला ठावं न्हाई, पर माजं हाय त्ये." मी त्यांच्याकडून घेतला नाही. तुझंच म्हणणं त्या बोलत होत्या गं, आणि तिथे माझ्याच्याने पुढे हात करवेना. तेवढी एक चंद्री त्यांच्याकडे राहू दे.

आता दिग्विजयलाही माहीत नाही ते लिहिते. पौडच्या दुकानदाराने पेनड्राइव्ह मशीनला लावता लावता हात थांबवला होता. "काकू, वैनीला इचारलंय ना? ह्यो तर इकायचा खेळ हाय." आणि मी म्हणाले, "तिनेच सांगितलंय." जीभ जरासुद्धा अडखळली नाही. म्हणजे मला कळत होतं, गौतमी. तू नाही म्हणशील हे कळत होतं, म्हणूनच तू अकोल्याला गेलेला आठवडा मी गाठला. मला काही समजत नव्हतं, मी अडाणी, मी सुनेच्या कौतुकापोटी केलं, असं म्हणून सुटता आलं असतं. तू मला तसं सुटूही दिलं असतंस. पण कौतुक तुझं नव्हतं, माझं होतं. मला माझीच हाक गावभर ऐकवायची होती, आणि तू विश्वासाने दार उघडं ठेवलंस म्हणून मी तुझं घरच वाटून टाकलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. माफी मागायला नाही, ती तू न मागताच देऊन बसली आहेस. उद्या सकाळच्या एसटीने मी पौडला जाणार आहे, त्याच दुकानात. या पत्राच्या दोन झेरॉक्स काढणार आहे आणि तिथूनच कुरिअर करणार आहे, मूळ पत्र तुला, एक प्रत जान्हवीला, एक निरंजनला. तिघांना ते एकाच दिवशी मिळेल, म्हणजे तुला मध्ये पडायला वेळ नको. निरंजन, बाळा, दुधाचं लिहिलं ते मनावर घेऊ नकोस, पण बाकीचं सगळं घे. गौतमीच्या हातून बसमध्ये काही पडलं नव्हतं. कॉपी माझी होती, नाव माझं होतं आणि खोटंही मीच बोलले. शनिवारी सह्या करा किंवा करू नका, ते तुम्ही तिघांनी ठरवा. फक्त ते ठरवताना माझ्या सुनेची मान खाली नसावी. दुकानदार मला ओळखतो. पत्रातलं तुझं नाव त्याला दिसेल आणि तो पुन्हा विचारेल, वैनीला इचारलंय ना? या वेळी मी त्याला खरं सांगेन, की नाही विचारलं.

तुझीच,
नलिनीआई